पोशा नाखव्याचा बावटा

दर्याकाठी एक गाव होतं. गावात होड्या अकरा, आणि त्यांचा म्होरक्या एक, पोशा नाखवा. त्याच्या होडीवर तांबडा बावटा चढला, की बाकीच्या दहा होड्यांनी जाळी ओढून घरची वाट धरायची, असा गावाचा रिवाज. का, कशाला, हे दर्यात विचारायचं नाही. किनाऱ्यावर मात्र वाटेल ते विचारायची मुभा होती, आणि गावकरी ती पुरेपूर वापरत!

आश्विनाचे दिवस होते. ऊन कडक. पोशाने पाण्यात हात घातला, तर पाणी कोमट, तान्ह्या पोराला अंघोळ घालावी इतकं. असं पाणी म्हणजे ढगाचं जेवण. त्याची वाफ वर जाते, गार होऊन तिचा ढग होतो, आणि होता होता ती आपली ऊब ढगालाच देऊन टाकते. ऊब मिळाली की ढग आणखी वर चढतो आणि खालून आणखी वाफ ओढतो. सकाळी टोपलीएवढा दिसतो, दुपारी डोंगर होतो.

तसाच एक ढग पश्चिमेला उभा राहत होता. पोशाने बावटा चढवला. सगळे परतले. पण वरून कोरडा वारा आला आणि ढगाचं डोकंच विस्कटून गेला. संध्याकाळी आभाळ लख्ख!

मग काय विचारता! त्या दहांतल्या एका होडीच्या हिराजी तांडेलाला त्या दिवशी सुरमई नुकती लागायला लागली होती. तो भर किनाऱ्यावर ओरडला, "नाखवा, म्हातारा झालास! आता ढगाच्या सावलीलाही भितोस." त्याच्या बायकोने, सुकरीने, आपली रिकामी टोपली पोशाच्या दारात पालथी घातली. तिचं पाहून बाकीच्या बायकांनीही घातल्या. पोशाला फार लागलं, आणि त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

पाचव्या दिवशी पुन्हा तेच. पाणी कोमट, पश्चिमेला ढग, आणि जाळी माशांनी जड झालेली. पोशाचा हात बावट्याच्या दोरीवर गेला आणि थांबला. आज पुन्हा चुकलो तर? गावात तोंड दाखवायची सोय उरणार नाही. इकडे ढग वाढतच होता. पोशाने मागच्या होड्यांकडे पाहिलं. चाळीस माणसं होती त्यांत. "चुलीत गेली अब्रू!" तो म्हणाला आणि त्याने दोरी ओढली.

हिराजीने शिव्यांची लाखोली वाहिली. पण रिवाज तो रिवाज. त्यानेही होडी वळवली.

शेवटची होडी वाळूला लागली आणि आभाळ फाटलं. वारा असा सुटला, की किनाऱ्यावरचे दोन माड मुळासकट आडवे झाले. लाटा पार मासळी वाळवायच्या मांडवापर्यंत आल्या. होड्या वर ओढताना सगळ्यांची तारांबळ उडाली. पण माणूस न् माणूस जमिनीवर होता. हुश्श! सुकरी नवऱ्याचा हात धरून रडत होती आणि मधेच हसतही होती.

पाऊस ओसरल्यावर हिराजी मान खाली घालून पोशाकडे आला. "नाखवा, वाचवलंस. पण खरं सांग, आजही वादळ आलं नसतं तर?"

पोशा हसला. "तर तू मला शिव्या दिल्या असत्यास. दे की! शिव्या द्यायला तू घरी आलास, एवढंच मला पाहिजे."

तात्पर्य: दुसऱ्यांचे जीव ज्याच्या हाती आहेत, त्याने एकदा अंदाज चुकला म्हणून पुन्हा इशारा द्यायला कचरू नये.