टिटवीचा अर्ज

फार वर्षांपूर्वी रानातल्या तळ्याला राखणदार हवा होता, म्हणून हत्तीने अर्ज मागवले. पोपट सगळ्यांना एकच अर्ज लिहून देई: ‘मी कष्टाळू, प्रामाणिक व होतकरू आहे.’ टिटवीलाही तो म्हणाला, “तूही हेच दे, बाई. तुझ्याकडे ना पिसारा, ना घरटं!”

टिटवीची मान ताठ झाली. तिने स्वतःच लिहिलं, ‘माझी अंडी उघड्या माळावर असतात. तीन वर्षांत एकावरही कुणाचा पाय पडलेला नाही.’

हे वाचून हत्ती थेट माळावर निघाला. पहिलं पाऊल टाकतो न टाकतो, तोच टिटवीने रान डोक्यावर घेतलं. हत्तीचा पाय अधांतरीच राहिला.

“नेमणूक झाली,” तो तसाच उभा राहून म्हणाला. “आता पाय कुठे ठेवू तेवढं सांगा, राखणदारबाई.”