माणशी सुख

"मग तुम्हीच सांगा बाबा, गावाचं सुख वाढलं की नाही?"

हैबतराव कारभाऱ्यांनी मोठ्या अभिमानाने विचारलं. लहानपणी ते याच झोपडीत, जलालबाबा फकिरांच्या पायाशी बसून शिकले होते. आता अख्खं गाव त्यांच्या शब्दावर चालत होतं.

बाबा लांबच्या प्रवासातून नुकतेच परतले होते.

"कसं वाढवलंस?"

"राजांचा हुकूम होता, प्रजा सुखी झाली पाहिजे. मी घरोघर फिरलो. जे कायमचे दुःखी होते... आजारी, आंधळे, एकटे... त्यांना वेशीबाहेर काढलं, नदीपलीकडे नेऊन सोडलं. आता आत उरलाय तो प्रत्येक जण सुखात आहे. माणशी सुख बघाल तर आसपासच्या कुठल्याही गावापेक्षा जास्त!"

"येसू कुठाय?"

"कोण येसू?"

"मागच्या गल्लीतली. नवरा गेल्यापासून एकटी राहायची."

"ती होय! ती तर दिवसभर रडायची, बाबा."

"रडायची. आणि संध्याकाळी परसातली जाई खुडून गल्लीतल्या पोरींच्या वेण्यांत माळायची. तेव्हा हसायची. तिला विचारलंस, बाई, तुला तुझं जगणं नकोसं झालंय का?"

हैबतराव खांद्यावरचं उपरणं सारखं करू लागले.

"विचारलंस का?" बाबा कडाडले.

"एकेकाला कुठे विचारत बसणार? आणि मी कुणाला मारलं तर नाही ना!"

"नदीपलीकडे ती माणसं काय खातात?"

"ते..." हैबतराव अडखळले. "ती आता आपल्या गावात मोडत नाहीत."

बाबा ताडकन उठले. खांद्यावर घोंगडी टाकली, काठी उचलली आणि तरातरा वेशीकडे निघाले. हैबतराव मागोमाग धावले.

"बाबा, असे रागावू नका! तुम्हाला कुणी जा म्हटलंय का? तुम्ही तर गावाचं भूषण!"

वेशीच्या दरवाजात बाबा थांबले.

"आज या गावात माझ्याइतकं दुःखी कुणी नाही. मी निघालो, की तुझं गाव आणखी सुखी होईल."

"बाबा..."

ते दरवाजातून बाहेर पडले आणि मागे वळले.

"लाव दार. आणि आता उरलेल्यांत सगळ्यांत दुःखी कोण, ते शोध."