चॉकलेटच्या पेल्यातला चोर

तांबडगडाच्या महाराजांच्या पेल्यातलं चॉकलेट रोज बोटभर कमी भरू लागलं आणि संशय आला तो विसोबा आचाऱ्यावर.

गोव्याच्या एका व्यापाऱ्याने चॉकलेटच्या वड्या नजराणा म्हणून दिल्यापासून महाराजांना त्या पेयाचं वेड लागलं होतं. वडी उकळत्या पाण्यात विरघळवायची, गूळ घालायचा, चांदीचा पेला काठोकाठ भरायचा आणि निखाऱ्यांच्या शेगडीवर ठेवून दरबाराच्या दाराशी न्यायचा. झाकण घालायला मनाई होती, कारण झाकलेल्या पदार्थावर महाराजांचा विश्वास नव्हता. मग चोपदार महाराजांच्या बिरुदांची ललकारी देई. ती संपली की पेला आत. आता महाराज दर सणाला स्वतःला एकदोन नवी बिरुदं बहाल करत, हा त्यांचा छंद. बिचारा चोपदार अलीकडे मध्येच दोनदा घोटभर पाणी पिऊन घेई.

"भरताना काठोकाठ आणि हातात येतो तो बोटभर कमी! उद्या चोर हजर कर, नाहीतर गड उतर," महाराजांनी विसोबाला फर्मावलं.

विसोबाची तीस वर्षं त्या चुलीपुढे गेली होती. घरी येऊन त्याने महाराजांचं फर्मान सांगितलं. त्याची लेक आवडी मुदपाकखान्यात वड्या किसायची. तिने सगळं ऐकून घेतलं आणि ताट वाढलं.

"आबा, जेवून घ्या. चोर मला ठावा हाय."

दुसऱ्या दिवशी ती दरबारात उभी राहिली. "म्हाराज, आज शेगडी तुमच्याच पुढ्यात ठिवा. पेल्याला कुनी हात लावायचा न्हाई. मला फकस्त एक गार परात आन एक वाटी द्या."

"आणि चोर?"

"चोपदारकाका सुरू झाले की येतोय त्यो."

आवडीने परात कोरडी पुसून सगळ्यांना दाखवली, पेल्यावर तिरकी धरली आणि खालच्या कडेशी वाटी ठेवली. चोपदाराने छाती फुगवली. विसाव्या बिरुदाला परातीला खालून घाम फुटला. चाळिसाव्याला थेंब ओघळून वाटीत पडू लागले. शेवटी "चोरांचे कर्दनकाळ" म्हणून चोपदार धापा टाकत थांबला, तेव्हा पेला बोटभर उतरला होता.

महाराजांनी वाटीतलं चाखलं. "हे तर साधं पाणी!"

"त्योच चोर. निखाऱ्यावर पान्याची वाफ हुते आन निघून जाते. गार परात लागली की पुन्ना पानी हुतं. वडी मातुर पेल्यातच ऱ्हाते, म्हनून तुमचं चाकलेट रोज दाट लागतंय."

"बोटभर गेलं आणि वाटीत एवढंच?"

"बाकीचे साथीदार खिडकीतनं पळाले, म्हाराज."

दरबारात खसखस पिकली. महाराज मात्र गरजले, "माझ्या दाराशी चोराला एवढा वेळ मिळतोच कसा?"

विसोबाने डोळे मिटून घेतले.

"चोरांचे कर्दनकाळ तुमीच, म्हाराज," आवडी हात जोडून म्हणाली. "पन ते बिरूद येतंय समद्यात शेवटी. तवर चोर पळून जातोय."

महाराज पोट धरून हसले. विसोबाची चूल कायम राहिली, आवडीला सोन्याचं कडं मिळालं आणि ललकारी पेला रिकामा झाल्यावर द्यायचं ठरलं. ते शेवटचं बिरूदही महाराजांनी आवडीलाच देऊन टाकलं.

दुसऱ्या दिवसापासून ती पेला घेऊन आली की चोपदार तेवढंच पुकारी, "चोरांची कर्दनकाळ, आवडीबाई!" आणि पेला काठोकाठ भरलेलाच महाराजांच्या हाती पडे.