घोरपडीने सोडलेला सूर

जनावरं हौसेने वराती काढत, त्या काळची गोष्ट. चिवटाबाई नावाच्या घोरपडीला बेस गिटार शिकायची हुक्की आली. गुरू केले डबक्यातले म्हातारे बेडूकमास्तर.

ती जाडजूड तार दाबणं तिला पहिल्याच दिवशी जमलं. दाबलेलं बोट उचलणं मात्र महिना झाला तरी जमेना. एकदा तार छेडली की "धूंऽऽऽ" चालूच!

"अगं, सूर संपव. बोट उचल," मास्तर कळवळून सांगत.

"आमच्यात धरलेलं सोडत नाहीत, मास्तर," चिवटाबाई ताठ मानेने म्हणे. "माझ्या पणजीने गडाचा कडा धरला, तेव्हा कुठे मावळे वर चढले!"

अशातच सशाच्या वरातीत वाजवायचं ठरलं. तिथला रिवाज असा, की धूं वाजलं की सगळ्यांनी पाय उचलायचा आणि सूर थांबला की टेकवायचा. चिवटाबाईने तार छेडली, वऱ्हाडाने पाय उचलले, पण सूर काही थांबेना. बगळा तेवढा निवांत होता. नवरदेव लटपटला, माकड आपटलं, आणि तीन पायांवरचा हत्ती हळूहळू चिवटाबाईच्याच अंगावर कलायला लागला.

घाबरून तिने बोट उचललं. हत्तीचा पाय धप्पकन जमिनीवर आला आणि वऱ्हाड ओरडलं, "वा! काय ठेका!"

चिवटाबाई मात्र हिरमुसली. "मास्तर, पणजीचं नाव घालवलं मी."

"वेडी कुठली," मास्तर म्हणाले. "पणजीनेही कडा कधीतरी सोडलाच ना? नाहीतर घरी येऊन अंडी कुणी घातली असती?"