नऊ पॉइंट आठ

“कुणाला विचारून अर्ज दडवलात, आक्का?”

“दडवला कुठं? डब्याखाली ठेवलाय. वाऱ्यानं उडेल म्हणून.”

सन्मती मगदूमने पुन्हा हात पुढे केला. हौसाक्कांनी पुन्हा तिकडे बघितलं नाही.

हौसाक्का कॉलेजच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत झाडू मारायला आल्या होत्या. शिक्षण चौथी. बिघडलेली उपकरणं उघडून बघता बघता सगळी दुरुस्त करायला शिकल्या, कुणी न शिकवता. निवृत्त झाल्या, तरी रोज येतात. नको म्हणायची प्राचार्यांचीही छाती होत नाही.

सन्मती याच टेबलांवर शिकला. सुवर्णपदक मिळवलं, पीएचडी केली, यंदा इथंच प्राध्यापक म्हणून आला. पदक भिंतीवर, मान त्याहून वर.

बीएस्सीच्या पहिल्या वर्षाची बावीस मुलं मेंटॉर म्हणून त्याच्याकडे सोपवलेली. त्यातल्या मेहजबीन तांबोळीला विज्ञान सोडून कला शाखेत जायचं होतं. अर्जावर त्याची सही हवी होती. आजची शेवटची तारीख. पोरगी बाहेर बाकावर बसून होती, रडून झालेली.

सन्मतीचं म्हणणं असं, की तिला इथं अडकवून ठेवण्यात दया नाही. लंबकाचा साधा प्रयोग. गोळा झुलवायचा, दोरी मोजायची, झोक्यांची वेळ घ्यायची, त्यावरून पृथ्वीच्या ओढीचा आकडा काढायचा. पुस्तकात तो नऊ पॉइंट आठ आहे. एकवीस जणांना तेवढाच आला. हिला तीनदा करून तिन्ही वेळा दहा पॉइंट तीन.

“तीनदा, आक्का. मी स्वतः समजावलं.”

“काय समजावलंस?”

“की उत्तर चुकलंय.”

हौसाक्का उठल्या. गुडघ्यांना शिवी दिली. कोपऱ्यातली मीटरची लाकडी पट्टी आणून त्याच्या हातात ठेवली. लंबकाच्या प्रयोगाला वर्षभर हीच एक पट्टी.

“वाच.”

“कुठून?”

“सुरू होते तिथून.”

त्याने पट्टी उजेडात धरली. मग चष्मा काढून पुसला. पुन्हा धरली.

“…चार.”

पट्टी चारपासूनच सुरू होत होती. पहिले चार सेंटिमीटर नव्हतेच. कड मात्र इतकी गुळगुळीत, की कुणाला शंका येऊ नये.

दिवाळीच्या सुट्टीत पट्टी पडली, टोक पिचलं. हौसाक्कांनी ते करवतीने कापलं, वर पॉलिश पेपर मारला. कॉलेज उघडलं की सांगणार होत्या. पण पहिल्याच दिवशी लंबकाचा प्रयोग लागला, पहिलं जर्नल आलं, त्यात नऊ पॉइंट आठ. दुसरं आलं, त्यातही तेच. मग त्या गप्प बसल्या. बघू म्हणाल्या, कोण बोलतंय.

“दोरी चार सेंटिमीटर जास्त भरते. या पट्टीवर नऊ पॉइंट आठ येणारच नाही,” सन्मती हळूच म्हणाला. त्याने मनात हिशेब केला. ओठ हलले, थांबले. दहा पॉइंट तीन.

“तिनं मला सांगितलं का नाही?”

“तीनदा सांगितलं की. तू तिन्ही वेळा लाल पेन काढलंस.”

…

तो डब्यापाशी गेला. अर्ज काढला, घडी घालून खिशात ठेवला. सही केली नाही. बाकावर तिच्या शेजारी बसून तिच्याशी मीच बोलतो, म्हणाला. दारापर्यंत गेलाही.

आणि तिथून परत फिरला. आता राग दुसरीकडे वळला होता. एकवीस जर्नलांचा गठ्ठा त्याने टेबलावर आदळला. एकानेही आलेला आकडा लिहिला नव्हता. उत्तर आधी, रीडिंग मागून बसवलेली. सगळ्यांना शून्य देणार होता. त्यांच्या घरी कळवणार होता. खोटारडी म्हणाला, लबाड म्हणाला, विज्ञानाला काळिमा म्हणाला. लाल पेनचं टोपण उघडलं.

हौसाक्कांनी ऐकून घेतलं. डबा उघडला, अर्धी भाकरी त्याच्यापुढे सरकवली. सकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं. असलं त्यांना तोंड बघूनच कळत असे, तो अठरा वर्षांचा होता तेव्हापासून.

मग सहज विचारल्यासारखं विचारलं, “तू शिकत होतास तेव्हा इथलं झोके मोजायचं घड्याळ मागं पडायचं. मिनिटाला दोन सेकंद. तुझ्या जर्नलात किती आलं होतं रे?”

सन्मती भाकरीकडे बघत राहिला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या…

हौसाक्कांनी त्याच्या बोटांतून पेन काढून घेतलं, टोपण लावलं.

“शिव्या नको देऊस, बाळा. सगळी तुझ्यावरच गेलीत.”