शेंदूर किती लागला

"आता ह्यात आणखी काय कमी आहे, वस्ताद?"

इंद्रजितनं विचारलं खरं, पण त्याला उत्तर नको होतं. शाबासकी हवी होती.

त्याच्या हातात ॲल्युमिनियमचा हीटसिंक होता. जुन्या गेमच्या मशीनमध्ये मुख्य चिपच्या डोक्यावर हा बसतो. खालून चिपची उष्णता ओढून घ्यायची आणि वर पंख्याच्या वाऱ्यावर सोडून द्यायची, एवढंच त्याचं काम. इंद्रजितनं त्याचं बूड बफिंगच्या चाकावर धरून दोन तास घासलं होतं. लग्नातल्या ताटासारखं ते लखलखत होतं.

आप्पालाल वस्तादांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला.

"तोंड दिसतं का रं ह्यात?"

"दिसतं की! भांगसुद्धा दिसतोय बघा."

"हं..."

वस्तादांनी हीटसिंक उन्हाकडं धरून पाहिला आणि परत दिला.

"चिपला तुझा भांग बघून काय करायचंय?"

इंद्रजितचे कान तापले.

आप्पालाल शिकलगार हे काही तालमीतले वस्ताद नव्हेत. जन्मात त्यांनी लंगोट बांधला नसेल. पण कोल्हापुरात ज्याचा हात चांगला, तो वस्ताद, मग तो कुस्तीतला असो की कुकर दुरुस्तीतला. लेथ बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी अठ्ठावीस वर्षं फिटरकी केली आणि निवृत्तीनंतर उद्यमनगरच्या मागच्या अंगाला हे दुकान टाकलं. इंद्रजित चौगुले तीन वर्षांपूर्वी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेऊन त्यांच्याकडं आला. पोरगा हुशार. फक्त आपण हुशार आहोत हे त्याला जरा लवकर कळलं होतं.

आणि हे एक मशीन काही केल्या त्याला दाद देत नव्हतं.

मशीन होतं घाटगे सरांचं. सरांनी तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि नेमका उजवा हात गेला. व्यायामाचा रबरी चेंडू दिला, तो सरांनी खिडकीबाहेर फेकला. मग मुलगा पुण्याला जाताना मागं ठेवून गेलेला गेमचा जुना डबा मुलीनं, मेघनानं, सहज लावून दिला. त्यात गाडी पळवायची होती. सरांची बोटं त्या गाडीसाठी हलायला लागली. रोज चाळीस मिनिटं खेळू द्या, असं डॉक्टरच म्हणाले.

पण चाळीस मिनिटं मशीन टिकेल तर ना! पंधराव्या मिनिटाला ते तापायचं आणि फटकन बंद पडायचं.

पहिल्या वेळी इंद्रजितनं धूळ काढली आणि चिप नि हीटसिंकमधली फट भरणारी नवी पेस्ट लावली, पावाला लोणी लावतात तशी, सढळ हातानं. दुसऱ्या वेळी दुप्पट मोठा पंखा बसवला आणि डब्याला भोकं पाडली. "आता दहा वर्षं बघायला नको," असं छातीवर हात ठेवून सांगितलं.

आज सकाळी मेघना तिसऱ्यांदा आली होती.

"नवीनच घ्या ना आता," इंद्रजित वैतागून म्हणाला होता.

"आणलं होतं. त्यांनी हात लावला नाही. ही गाडी त्यात नाही म्हणे." तिनं डबा टेबलावर ठेवला. "दादा, मशीनचं राहू दे. मशीन बंद पडलं की बाबांना वाटतं, आपलंच बोट चुकलं. हाताकडं बघत बसतात. मी हजारदा सांगितलं, पटत नाही. आज चार दिवस झाले, गेमचा रिमोट हातात घेतलेला नाही. बोटं परत आखडायला लागलीत."

इंद्रजितला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर सरांच्या बोटांपेक्षा आपल्या नावाचं जास्त वाटलं. म्हणून तर त्यानं दोन तास चाक फिरवलं होतं.

आणि आता वस्ताद त्याच्या भांगावर घसरले होते.

"मग काय करू? आणखी मोठा पंखा लावू?"

"आग रामेश्वरी आन् बंब सोमेश्वरी!" वस्ताद म्हणाले. "उष्णता अजून चिपवरनं उठलीच न्हाई. तू वारा कुणाला घालतोयस?"

त्यांनी फळीवरून जाड काचेचा तुकडा काढला, पुसला आणि टेबलावर ठेवला. मग एक जुनी डबी उघडली. आत तेलात कालवलेला शेंदूर होता.

इंद्रजितनं आजवर शेंदूर मारुतीच्या देवळातच पाहिला होता. डिप्लोमाला तो नव्हता.

वस्तादांनी चिंधीनं काचेवर शेंदराचा पुसट हात फिरवला. इतका पुसट, की काच नुसती लाजल्यासारखी झाली.

"ठेव त्याच्यावर. दाबू नको. नुसता टेकव आन् उचल."

इंद्रजितनं टेकवला. उचलला. उलटा करून पाहिला.

त्या लखलखीत बुडाच्या मधोमध एक लाल ठिपका होता. टिकलीएवढा. बाकी सगळं कोरडं.

"एवढंच?"

"एवढंच."

"पण मी तर सगळीकडून घासला..."

"बूड आधीच वाकडं हुतं, त्यात चाकानं कडा खाल्ल्या. मधलं पोट वर राहिलं. चमकायला चमकतोय, पर टेकत न्हाई."

इंद्रजित त्या टिकलीकडं बघत राहिला. एवढ्याशा ठिपक्यातून सगळी उष्णता बाहेर पडायची होती. भोवतीची फट त्यानं पेस्टीनं लिंपली होती, आणि पेस्ट काही धातू नव्हे. जेवढी जास्त थापली, तेवढी चिपला गोधडीच पांघरली.

वस्तादांनी त्याच काचेवर बारीक पॉलिश पेपर चिकटवला. "घे. चाक नको. हातानं. इंग्रजी आठाचा आकडा काढत जा."

"पण चमक जाईल सगळी."

"जाऊ दे की."

पहिल्याच आठाला आरशावर ओरखडे उठले. दोन तासांची मेहनत त्याच्याच हातानं राखाडी होत चालली. दहा आठ काढायचे, पुसायचं, दुसऱ्या काचेवरच्या शेंदरावर टेकवायचं, बघायचं. टिकलीचा रुपया झाला. रुपयाची पुरी झाली. एका कोपऱ्यात मात्र शेंदूर काही केल्या लागेना.

"आता पेस्ट घालून भागेल, वस्ताद. कोपराच तर आहे."

वस्ताद चहा पीत राहिले...

इंद्रजितनं परत आठ काढायला घेतले. दुपारच्या जेवणाची वेळ टळून गेली तेव्हा कुठं बूड कडेपासून कडेपर्यंत लाल उठलं. स्पिरिटनं पुसल्यावर ते पाटीसारखं मंद दिसायला लागलं. त्यात तोंड दिसत नव्हतं.

"आता पेस्ट. मोहरीएवढी."

मोठा पंखा काढून जुना परत बसवला. मशीन दोन तास टेबलावर चालू ठेवलं. मागून ऊन ऊन वारा येत होता, म्हणजे उष्णता एकदाची बाहेर पडत होती. आवाज तर इतका कमी, की चालू आहे का बंद, हे वाकून बघावं लागत होतं.

इंद्रजितला हायसं वाटलं. त्यानं फोन उचलला. "मेघनाताईला सांगतो, घेऊन जा म्हणून."

"का? तुझं पाय मोडलं काय?"

"जाऊन काय सांगू, वस्ताद?"

"तू काय सांगनार हाईस?"

"हेच... आधीची पेस्ट नकली निघाली. आजकाल मालच तसला येतो."

वस्तादांनी त्याच्याकडं पाहिलं. मघाशी हीटसिंक पाहिला होता तसंच, जरा तिरकं, उन्हाच्या बाजूनं...

इंद्रजितनं मान खाली घातली आणि हात धुवायला मोरीकडं निघाला. त्याचा उजवा तळवा शेंदरानं माखला होता.

"धुऊ नको."

"अहो, सरांकडं असला हात घेऊन जाऊ?"

"तसाच जा. निघताना सरांच्या हातात हात दे. आन् मला येऊन सांग, किती लागला."

म्हातारं बिथरलं, असं इंद्रजितच्या मनात आलं. पण डबा डाव्या काखेत मारून तो निघाला. घर दोन गल्ल्या पलीकडंच होतं. गल्ल्या दोनच, पण नकली पेस्टीचं वाक्य त्यानं वाटेत सात-आठ वेळा घोकलं.

सर खिडकीशी खुर्चीत बसले होते. रिमोट टीव्हीजवळ पडला होता, त्यावर रुमाल टाकलेला.

मेघनानं वायरी जोडल्या. "बाबा, दुरुस्त झालं हं."

सरांनी डाव्या हातानं आपला उजवा हात मनगटाशी धरून वर उचलला आणि सोडून दिला. तो मांडीवर पडला. हे दुरुस्त कर, असं त्यांना म्हणायचं असावं.

नकली पेस्ट इंद्रजितच्या जिभेवर आली होती...

तो सरांच्या पायाशी फरशीवर बसला.

"सर, तुमचा हात चुकला नव्हता."

सर खिडकीबाहेरच बघत होते.

"माझा चुकला. तुम्ही बरोबर दाबत होता. मशीन बंद पडत होतं ते माझ्यामुळं. दोनदा दुरुस्त झालं म्हणून दिलं, तेव्हाही झालं नव्हतं."

सरांनी मान वळवली.

"दोन्दा?" जीभ जड होती, पण शब्द कळला.

"दोनदा, सर. आणि आज तिसऱ्यांदा चुकणार होतो. वस्तादांनी धरलं."

सरांच्या तोंडाची एकच बाजू हलली.

"ना... पास."

मेघना तोंडावर पदर धरून हसली, की रडली, कोण जाणे. रुमाल तिनंच उचलला.

सरांनी रिमोट घेतला. गाडी सुटली. पहिल्यांदा रस्ता सोडून गवतातून गेली, मग रस्त्यावर आली. दहा मिनिटं. पंधरा. सोळाव्या मिनिटाला इंद्रजितनं श्वास सोडला. पंचविसाव्या मिनिटाला गाडी भिंतीवर आदळली आणि मेघना दचकली. सरांनी मात्र शांतपणे अंगठा उचलून दाखवला.

"हा... माझा."

आणि पुन्हा गाडी सोडली.

चाळीस मिनिटं झाली. मशीन चालूच होतं, मेघनानंच ते बंद केलं. इंद्रजित उठला आणि त्यानं उजवा हात पुढं केला. सरांचा हात सावकाश वर आला. आधाराशिवाय. त्या हातात धरण्याइतकी ताकद नव्हती, नुसता येऊन टेकला. सकाळी ज्या बोटांचं त्याला कमी वाटलं होतं, तीच ही बोटं.

सरांनी हात मागं घेतला आणि तळव्याकडं पाहिलं. दोन वर्षांत त्या हाताला रंग लागला नव्हता.

"शें... दरी," सर म्हणाले. आणि कितीतरी वेळ बघत राहिले.

इंद्रजित दुकानात परतला तेव्हा वस्ताद शेंदराच्या डबीचं झाकण लावत होते.

"चाललं?"

"चाललं. चाळीस मिनिटं. सांगितलं सगळं."

"लागला?"

इंद्रजितनं तळवा पुढं केला. अंगठ्याखालचा आणि पहिल्या दोन बोटांचा शेंदूर पुसून गेला होता. करंगळीकडचा जसाच्या तसा होता.

"इथंवर लागला, वस्ताद. करंगळीकडं नाही लागला."

वस्तादांनी चष्मा नाकावर घेऊन तळवा नीट पाहिला. झाकण लावलेली डबी त्यांनी त्याच्या दुसऱ्या हातात ठेवली.

"मग उद्या परत जा."