मंडलकाची उंच ज्वाळा

फार पूर्वी चंपकपुरात राजा वीरसेन राज्य करीत असताना बोधिसत्त्व विटा भाजणाऱ्या कुंभारांच्या वस्तीत वाढला. त्याचे आईबाप साथीत गेले होते. मंडलक नावाच्या कुंभाराने त्याला उचलून घरी आणले आणि पोटच्या मुलासारखे सांभाळले.

मंडलकाच्या बायकोचे नाव सामा. तिला मूलबाळ नव्हते. मनाला विरंगुळा म्हणून ती वस्तीमागे दरवर्षी मोहाचे एक रोप लावायची आणि खांद्यावरून पाणी वाहून ते जगवायची. बोधिसत्त्व घरी आला त्या वर्षी तिने रोप लावले नाही. त्याला राईत नेऊन ती म्हणाली, "ही तुझी थोरली भावंडं बरं का. यांच्या अंगावर चढायचं, पण फांदी मोडायची नाही." त्याने ते शेवटपर्यंत पाळले.

त्या वस्तीत एक जुनी चाल होती. भट्टी पेटवायच्या दिवशी शेजारी कळकाची उंच काठी रोवायची. भट्टीच्या तोंडातून निघणारी ज्वाळा काठीच्या वर गेली की ढोल वाजायचे, आणि ज्याची ज्वाळा सगळ्यांत उंच तो वस्तीचा जेठा, म्हणजे मुख्य. मंडलक वीस वर्षे जेठा होता. त्याची ज्वाळा काठीच्या वर हातभर जायची आणि त्याची मानही तेवढीच वर असायची. आता यात गंमत अशी, की आभाळात गेलेल्या जाळाने कधी कुणाची वीट भाजलेली नाही. पण हे त्या शहाण्यांना सांगणार कोण? वीस वर्षांत त्या ज्वाळेने समोरचा अख्खा डोंगर खाल्ला. लाकडाच्या गाड्यांना तीन तीन दिवस लागू लागले.

अशात राजाने नगराभोवती तट बांधायला काढला. विटा पुरेनात. राजाचा माणूस वस्तीत आला आणि सांगून गेला, "लाकूड लांब पडतं ना? मग मागची मोहाची राई तोडा."

त्या दिवशी सामाने चूल पेटवली नाही. मंडलक उंबऱ्यावर बसून राहिला. बायकोच्या तोंडाकडे पाहायचा त्याला धीर होईना.

बोधिसत्त्वाने राजाकडे जाऊन हात जोडले. "महाराज, मला एक भट्टी बांधू द्या. निम्म्या लाकडात तेवढ्याच विटा भाजून देतो. नाही जमलं, तर राई तुमची."

"आणि जमलं तर?"

"तर राई आईची."

राजाला मौज वाटली. त्याने होकार दिला.

बोधिसत्त्वाने टेकाडाच्या चढावर एकाला एक लागून पाच कोठ्या बांधल्या आणि मधल्या भिंतींत खाली भोके ठेवली. जाळ पहिल्या कोठीत लावायचा. तिथली धग दुसरीत, दुसरीतली तिसरीत, अशी चढत जायची. वरच्या कोठ्या फुकटात तापून बसायच्या, मग त्यांना मूठ मूठ काटक्या पुरे.

मंडलकाने भट्टीभोवती दोन फेऱ्या मारल्या. "बाळा, आणि ज्वाळा कुठून निघणार?"

"निघणार नाही, बाबा. ती आतच राहील."

मंडलकाने मान वर करून रिकाम्या आभाळाकडे पाहिले.

भट्टी पेटली त्या दिवशी राजा स्वतः आला. रिवाजाप्रमाणे काठी रोवली होती, ढोलवाले तयार होते. दुपार झाली. टेकाडाच्या माथ्यावरून धुराची एक बारीक रेघ तेवढी निघत होती. माणसे एकमेकांना कोपराने ढोसू लागली. "अगं बाई, भट्टी आहे की म्हाताऱ्याची चिलीम?" सगळे खो खो हसले. राजाही हसला. बोधिसत्त्व पहिल्या कोठीपाशी शांतपणे काटक्या सारत होता.

हसणे मंडलकाच्या काळजात घुसले. आपले हसे झाले असते तर त्याने गिळले असते, पण पोराचे? त्याला वाटले, जाळ आत गुदमरला आहे, त्याला वाट दिली की झाले. वीस वर्षांचा जेठा तो. ज्वाळा दिसत नाही म्हणजे भट्टी मेली, एवढेच त्याला ठाऊक. तो गुपचूप मागून गेला, पहारीने दुसऱ्या कोठीचे छत फोडले आणि वरून सुके सरपण लोटले.

भडका उडाला! ज्वाळा काठीच्या वर दोन हात गेली. ढोल वाजले, राजाने मान डोलावली. मंडलकाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले. पोराची लाज राखली, असे त्याला वाटले.

भडक्याजवळ कुणाला जाता येईना; चार दिवसांनी भट्टी निवली. खालच्या दोन कोठ्यांतल्या विटा लालबुंद निघाल्या, टिचकी मारली की खणखण वाजत. वरच्या तिन्ही कोठ्यांतल्या विटांचा मात्र हातात धरताच भुगा झाला. सगळी धग छताच्या त्या भोकातून आभाळात गेली होती.

बोधिसत्त्वाने फुटलेले छत पाहिले. शेजारी पडलेली पहार पाहिली. तिची मूठ घरातल्या एकाच माणसाच्या हाताने झिजलेली होती. त्याला सगळे कळले.

"हे कुणी केलं?" विटा पाहायला आलेल्या राजाने विचारले.

"महाराज, भट्टी मी बांधली. तिच्याबद्दल जे सोसायचं ते मी सोसतो. कुणी केलं, ते मी सांगणार नाही."

"मग राई माझी," राजा म्हणाला आणि कुऱ्हाडीवाले निघाले.

सामा आधीच राईत जाऊन पहिल्या झाडाला टेकून उभी होती. ती भांडली नाही, रडली नाही. तिने फक्त पदराने झाडाच्या खोडावरची धूळ पुसली.

ते पाहून मंडलक राजाकडे धावला. तो राजाच्या पुढ्यात कोसळला. "महाराज, पहार माझी! हात माझे! पोराचं हसं झालेलं बघवलं नाही हो मला. झाडं तोडू नका, माझे हात तोडा."

राजाने हाताने कुऱ्हाडीवाल्यांना थांबवले आणि तो बोधिसत्त्वाकडे वळला. "तुला दिलेल्या निम्म्या लाकडातलं किती उरलंय?" त्याने विचारले.

"एका भट्टीपुरतं आहे, महाराज," बोधिसत्त्व म्हणाला. "पण काटकसरीनं."

"मग पुन्हा पेटव."

छत लिंपले, कच्च्या विटा पुन्हा रचल्या. या वेळी मंडलक स्वतः पुढे झाला. त्याने रोवलेली कळकाची काठी उपटली, गुडघ्यावर मोडली आणि सरपणात पहिली तीच घातली. मग दिवसभर तो चढावर कोठीमागून कोठी भिंतीला तळहात लावत फिरला. आत धग पुढे सरकताना त्याला हाताला कळत होती. "अरे, इथवर आली रे!" तो लहान मुलासारखा ओरडला. त्या दिवशी ढोल कुणी वाजवले नाहीत.

पाचही कोठ्यांतल्या विटा लाल निघाल्या.

राजा हरखून गेला. "वाहवा! आता जुन्याइतकंच लाकूड घे आणि दुप्पट विटा पाड. तट दुप्पट उंच करू. तू सगळ्या कुंभारांचा प्रमुख, वर दहा गावं इनाम."

बोधिसत्त्वाने मान हलवली. "नको महाराज. वाचवलेलं लाकूड दुसऱ्या भट्टीत घातलं, तर ते वाचलं कुठे? गावं राहू द्या. तो डोंगर सोडा, म्हणजे पुन्हा हिरवा होईल."

"कुणासाठी? आपण थोडेच असणार आहोत तेव्हा?"

बोधिसत्त्व काही बोलायच्या आत सामा पुढे आली. "महाराज, घरी मागाहून येणाऱ्यासाठी भाकरी झाकून ठेवतात ना? भूक लागली म्हणून ती कुणी खात नाही."

राजा हलकेच म्हणाला, "माझी आई ठेवायची. मी शिकारीहून उशिरा यायचो." त्याने तटाची उंची होती तेवढीच ठेवली आणि डोंगरावर कुऱ्हाड न्यायची मनाई केली.

ही कथा भिक्षूंच्या गुरूंनी, शास्त्यांनी, एका हिवाळ्यात सांगितली. विहारात स्नानगृहाचा विस्तव सांभाळणारा एक म्हातारा भिक्षू होता. शास्ते स्नानाला येणार म्हणून त्याने भक्तीच्या भरात आठवड्याची लाकडे एकदमच पेटवली, आणि दुसऱ्या सकाळी आजारी भिक्षूंना ऊन पाणी मिळाले नाही. सगळे त्याला हसत होते.

शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, हसू नका. याने पूर्वीही प्रेमापोटीच भट्टी फोडली होती. तेव्हाचा मंडलक म्हणजे हा. सामा म्हणजे आजाऱ्यांची सेवा करणारी थोरली भिक्षुणी. राजा म्हणजे या विहाराला जमीन देणारा गृहस्थ. आणि चढावर भट्टी बांधणारा तो मीच होतो."

म्हाताऱ्याने डोळे पुसले. "भगवन्, आणि ती झाडं?"

"त्यांच्या बियांच्या बियांतून वाढलेल्या झाडाखालीच तू बसला आहेस. ज्यांनी ती राखली, त्यांनी तुला पाहिलं नव्हतं. न पाहिलेल्या माणसावरही जी माया पोहोचते, तिला मैत्री म्हणतात."

म्हातारा उठून स्नानगृहात गेला. चुलीत नुकतीच सारलेली दोन लाकडे त्याने ओढून काढली, राखेत विझवली आणि उद्याच्या आजाऱ्यांसाठी भिंतीला लावून ठेवली.